कोटातली जनावरं

मास्तरांना मास्तर म्हणत ते कटिंग मास्तर म्हणून. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता. गेली बत्तीस वर्षं कोटांच्या एकाच दुकानात, एकाच लांब टेबलाशी उभं राहून ते कापड कापत आले होते. शिवायचं काम मागच्या खोलीतले चार कारागीर करत. माप, खडू आणि कात्री मात्र मास्तरांची. कात्री हातात असली की ते बोलत नसत, आणि खाली ठेवली की दुसऱ्याला बोलू देत नसत.

दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. पहिली म्हणजे आपला पोशाख. सत्तावन्न वर्षांचं वय, उंची बेताची, पोट थोडं पुढे. पण कोट असा बसलेला की माणूस उंच वाटावा. दुसरी गोष्ट शाकाहार. बाविसाव्या वर्षी ते कत्तलखान्याच्या मागे एका भाड्याच्या खोलीत राहत होते. सहा महिने रोज पहाटे तिकडून आवाज ऐकले आणि एक दिवस जेवताना ताट बाजूला सरकवलं, ते पुन्हा जवळ ओढलं नाही. लग्नानंतर बायको मासे आवडीनं खायची, तिची भांडी वेगळी, चूल एकच. त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. टोमणे झाले.

थंडी सुरू व्हायच्या जरा आधी दुकानात एक बाई आल्या. कॉलेजात दगडमातीचा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापक. उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना विभागप्रमुख केलं होतं आणि आता दर आठवड्याला मोठमोठ्या लोकांबरोबर बैठकीला बसावं लागे.

"मी कितीही नीट कपडे केले तरी डोंगरावर निघाल्यासारखी दिसते," त्या म्हणाल्या. "मला एक चांगला कोट हवाय. रुबाबदार. फक्त त्यात प्राण्याचं काही नको. तीन दुकानं फिरले, तिन्ही ठिकाणी मला रेनकोट दाखवला."

मास्तर हसले. "बाई, मी स्वतः पस्तीस वर्षं शाकाहारी आहे. पण कोट काही कुणी खात नाही."

"ते खरं. मग तुमच्या अंगात आत्ता काय आहे?" बाईंनी विचारलं. टोचून नाही, वर्गात एखाद्याला विचारावं तसं.

"शुद्ध लोकर. लोकर काढल्यानं मेंढी मरत नाही."

"मान्य. मी लोकरीवरून कुणाशी भांडत नाही, फक्त घालत नाही. आणि ही बटणं?"

"अस्सल शिंगाची," मास्तर छाती काढून म्हणाले. "म्हशीच्या. प्लास्टिकला आमच्या दुकानात थारा..." आणि तिथेच थांबले. बत्तीस वर्षांत ते गिऱ्हाइकापुढे अर्ध्या वाक्यात थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. गल्ल्यावर बसलेल्या मालकांनीही मान वर केली.

मास्तरांनी मापाची फीत गळ्यातून काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "दोन महिने द्या. आधी माझा स्वतःचा करून बघतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर मी प्रयोग करत नाही."

रविवारी सकाळी त्यांनी आपला सगळ्यात आवडता काळा कोट जेवणाच्या टेबलावर उलटा पसरला आणि उसवायला घेतला. बायको समोर बसली होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या चुका काढणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरीही ती तो फुकट करायची.

"वरचं कापड मेंढीचं," मास्तर मोजू लागले. "अस्तर रेशमाचं, म्हणजे किडे. छातीला ताठपणा यावा म्हणून आत जे कॅनव्हास असतं त्यात घोड्याच्या शेपटीचे केस विणलेले. कॉलरखाली नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, पुन्हा मेंढी. बटणं म्हशीची. काजांचा दोरा रेशमी."

"आणि खाली बूट," बायकोनं आठवण केली.

"बूट वासराचे."

बायकोनं चष्मा पुसला. "अहो, मी मासे खाते. पण खाऊन मोकळी होते. तुमच्यासारखं अंगावर घालून मिरवत तर नाही."

मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला, पण वाक्य वर्मी लागलं होतं. त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. मात्र हळहळत बसण्याचाही त्यांचा पिंड नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी कागदावर नव्या कोटाचा नकाशा काढला होता.

सामान जमवणं सोपं गेलं. जाड, घट्ट विणीचं काळसर निळं सुती कापड मिळालं. कॅनव्हास तागाचं, अस्तर पातळ सुती, बटणं एका ताडासारख्या झाडाच्या बीपासून कोरलेली. हातात घेतली की शिंगाइतकीच थंड आणि जड लागत. मालकांनी बटण दाताखाली दाबून पाहिलं आणि खरंच की, म्हणाले.

पण कोट फसला. साफ फसला. लोकरीचं एक असतं: ओली करून गरम इस्त्री फिरवली की ती हवी तिथे आक्रसते, हवी तिथे ताणते. सपाट कापडाला छातीचा गोल, खांद्याचा उतार मास्तर इस्त्रीनंच देत आले होते. सुती कापड इस्त्रीला दाद देईना. दाबलं की फक्त सपाट व्हायचं. आरशासमोर मास्तर उभे राहिले तेव्हा पाठीवर पोक आल्यासारखं दिसत होतं आणि छातीवर दोन खळगे पडले होते.

"टपालवाल्याची थैली," बायकोनं निकाल दिला.

"कापड ऐकत नाही. जन्मभर इस्त्रीच्या जोरावर काम केलं मी."

"मग तुकडे करा ना. आमच्याकडे एखादं वाक्य फार लांबलं आणि वळेना, की आम्ही तोडतो. दोन करतो, तीन करतो. चांगलं वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तरांनी पाठीचे दोनाऐवजी चार तुकडे कापले. छातीत खांद्यापासून खिशापर्यंत एक लांब शिवण आणली. जिथे इस्त्रीनं वळवलं असतं तिथे आता कात्रीनं वळवायचं. एकेका शिवणीची रेघ सुताभरानं इकडेतिकडे करत त्यांनी तीन आठवडे काढले. मागच्या खोलीतला सगळ्यात जुना कारागीर कुरकुरला, "मास्तर, हा कोट आहे की फुटबॉल?" पण शिवला त्यानंच, आणि जीव ओतून शिवला.

दुसरा कोट अंगात चढला तेव्हा मास्तर आरशापुढे एकदा सरळ, एकदा तिरके आणि एकदा मान वळवून पाठमोरे उभे राहिले. शिवणी लपवल्या नव्हत्या. त्या पाठीवरून कमरेपर्यंत अशा उतरत होत्या की तीच नक्षी वाटावी. बायकोनं दोनदा चक्कर मारली, बोट फिरवलं, आणि काही चूक सापडली नाही म्हणून कॉलरवरचा न दिसणारा धागा झटकला.

प्राध्यापकबाईंना मास्तरांनी कोट बघायला बोलावलं. बाईंनी बाही चिमटीत धरून पाहिली, शिवणी पाहिल्या, मनापासून वाहवा केली. मग त्यांची नजर खाली गेली. मास्तरांच्या पायात ते वाइनच्या रंगाचे वासराचे बूट होते, आरशासारखे चकचकीत. बाई काही बोलल्या नाहीत. ते न बोलणंच मास्तरांना जास्त झोंबलं.

मग बुटांची मोहीम सुरू झाली. कापडातलं मास्तरांना सगळं कळत होतं, बुटातलं नाही, पण हात तरबेज होते. पहिल्या दुकानात विक्रेत्यानं एक काळा जोड पुढे केला. "संपूर्ण कृत्रिम, साहेब. बघा, चिठ्ठीवर लिहिलंय."

मास्तरांनी बोटं बुटाच्या आत घातली, अस्तर चाचपलं, मग बूट खिडकीपाशी नेऊन आत डोकावून पाहिलं. अस्तरावर तीन-तीन ठिपक्यांचे बारीक पुंजके होते. हे लक्षण त्यांना हातमोजे शिवणाऱ्या एका दोस्तानं कधीतरी दाखवलं होतं.

"हे डुकराचं कातडं आहे."

"वरचं कृत्रिमच आहे, साहेब. आत कोण बघायला जातंय?"

"माझा पाय," मास्तर म्हणाले आणि बूट परत ठेवला.

दुसऱ्या दुकानातला जोड आतून-बाहेरून रेक्झिनचा निघाला. मास्तरांनी घेतला. तीन आठवड्यांत बोटांपाशी भेगा पडल्या, आणि रोज संध्याकाळी मोजे काढले की पाय उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत. तिसरा जोड चालताना बेडकासारखा ओरडायचा. बायको म्हणाली, "प्राणी नको म्हणता आणि बेडूक घरात आणता."

शेवटी कारागिरांपैकीच एकानं पत्ता दिला. हॉस्पिटलच्या मागे एका शेडमध्ये एक म्हातारी बाई पायांनी अधू असलेल्यांसाठी बूट बनवायची. एक पाय आखूड, टाच वाकडी, अशांसाठी. भिंतीवर लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर एकेकाचं नाव. मास्तरांनी काय हवंय ते सांगितलं. बूटवाल्या आजींनी आधी त्यांच्या कोटाची बाही चाचपली.

"कोट कुणी कापला?"

"मीच."

"हं. मग ऐकून घ्या. चामडं पायाचा आकार घेतं. कापड घेत नाही. चार दिवसांत चुरगळतं."

मास्तरांचा चेहरा उजळला. "आजी, लोकर सोडली तेव्हा माझं हेच रडगाणं होतं. तुकडे वाढवायचे. वळण शिवणीनं द्यायचं."

आजींनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि बसायला स्टूल सरकवलं.

पुढचे चार शनिवार मास्तर त्या शेडमध्ये होते. जाड सुती कापडाचे तीन थर एकावर एक चिकटवले, मधला थर तिरका कापून, म्हणजे पाय वाकला की कापडही देईल. आत बुचाचा तळ, खाली रबरी सोल. मास्तर आकार कापत, आजी साच्यावर ताणून ठोकत. शिवायला घेताना आजींनी सवयीनं दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढायला सुरुवात केली.

मास्तरांनी हात पुढे केला. "मेण कसलं?"

"पोळ्याचं. का, आता माश्यासुद्धा?"

"माश्यासुद्धा."

आजींनी एक उसासा टाकला, खणातून पॅराफिनची साधी मेणबत्ती काढली आणि दोरा तिच्यावरून ओढला. "बत्तीस वर्षं गिऱ्हाइकं सहन करता करता तुम्हीच तसले झालात," त्या म्हणाल्या. पण बूट त्यांनी असा केला की स्वतःच हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. गडद वाइनचा रंग, नाडीचा, चवड्यावर दुहेरी शिवण. चमकत नव्हता, मखमलीसारखा शांत दिसत होता.

आता प्राध्यापकबाईंची पाळी. दोन महिन्यांचे चार झाले होते. त्यांचा कोट मास्तरांनी दगडाच्या रंगाच्या कापडाचा केला, आणि काखेत एक जादा तुकडा घातला. ट्रायलच्या दिवशी त्यांनी बाईंना भिंतीजवळ उभं केलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"काहीही. फळ्यावर लिहिता तसा हात वर करा."

बाईंनी हात उंच नेऊन हवेत काहीतरी लिहिलं. कोट जागचा हलला नाही. बाईंनी दुसरा हातही वर करून पाहिला.

"एक सांगून ठेवतो," मास्तर म्हणाले. "लोकरीसारखा हा वीस वर्षं टिकायचा नाही. उन्हात रंगही जरा उतरेल. खोटं सांगून विकणार नाही."

"चालेल. मी जरा चालून येते," बाई म्हणाल्या आणि कोट घालून दुकानाबाहेर पडल्या. मालक उठून दारात गेले. बाई रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. गाल लाल झाले होते.

"दोन जणांनी मला वाट सोडली," त्या म्हणाल्या. "आजवर मलाच सोडावी लागायची."

त्याच आठवड्यात त्यांनी बूटवाल्या आजींकडे माप दिलं. पुढे त्यांच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल आल्या, मग नाटकातला एक नट आला, मग एक डॉक्टर. दीड वर्षात अकरा कोट झाले. डॉक्टरांचा एक खांद्यावर खरंच विटला, मास्तरांनी तो उसवून कापड उलटं करून दिला.

दुकानात लोकरीचे कोट ते अजूनही कापतात. मालकांनी एकदा भीत भीत विचारलं होतं, आता ते सोडणार की काय. मास्तर म्हणाले, "माझ्या अंगात काय घालायचं ते मी ठरवणार. गिऱ्हाइकाच्या अंगात काय, ते गिऱ्हाईक. पण विचारलं तर काय-काय आहे ते सगळं सांगणार, अगदी घोड्याच्या शेपटीसकट." काही जण ऐकून हसतात, काही जण शिंगाच्या बटणाऐवजी बीचं मागतात. मास्तरांचे जुने कोट मेहुण्याच्या अंगाला बरोबर बसले. वासराचे बूट मात्र ते बरेच दिवस कुणाला देऊ शकले नाहीत, शेवटी हॉस्पिटलच्या पहारेकऱ्याला दिले.

गेल्या महिन्यात बायको छापखान्यातून परतली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मलाही एक कोट करा. बाटलीच्या हिरव्या रंगाचा, लांब. त्या बियांच्या बटणांचा."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला? तू तर..."

"मासे सोडणार नाही, आधीच सांगते. मला कोट आवडलाय."

मास्तरांनी फीत घेतली आणि तिला उजेडात उभं केलं. खांदा मोजला, बाही मोजली, आकडा कागदावर लिहिला. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "सुती आहे. माशाचा वास लागला तर धुता येईल. लोकरीला ते जमलं नसतं."