सोमवारची बाळंतीण

माझी आत्या दर सोमवारी दुपारी बाळंत व्हायची. लग्न तिनं केलं नाही, मूलबाळ नाही. पण अहमदपुरात तिच्याइतकी बाळंतपणं कुठल्याच बाईची झाली नसतील. ओपीडी उरकली की ती चपला काढून दवाखान्यातल्या टेबलावर चढायची, पांढऱ्या साडीवरून पोटाला उशी बांधायची, उशीखाली कापडी बाहुलं धरायची आणि असा गळा काढायची की रस्त्यावरचा नवखा माणूस थबकायचा. मी खाली दवाखान्याच्या मेडिकलवर बसायची. "काही नाही, आमच्या आत्याला कळा सुरू झाल्यात," असं मी त्याला सांगायची, आणि तो आणखीच घाबरायचा.

आत्या त्या दवाखान्याची मुख्य सिस्टर होती. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. नायगावपलीकडच्या खेड्यात माझ्या आजीची, सुभद्राबाईची, ती पहिली लेक. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला, आणि जमलेल्यांनी घाबरून ओढलं. ओढाओढीत हात गेला. पुढं आजोबांना लातुरात कचेरीत नोकरी लागली आणि माझे वडील तिथल्या चांगल्या दवाखान्यात जन्मले. तेही दांडगे, त्यांचाही खांदा अडकला. पण तिथं जाणती माणसं होती. आज माळ्यावरचा डबा हवा असला की आत्या वडिलांना हाक मारते आणि म्हणते, "आई तीच, पोट तेच. जागा तेवढी बदलली." भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं ती हे सांगते.

बाळ जन्मलं की बाकीचे नाक कुणासारखं ते बघतात. आत्या हात बघायची. दोन्ही सारखे हलतात ना, गळपट्टीचं हाड शाबूत आहे ना. ते बघता बघताच तिच्या ध्यानात आलं, की लुळा हात घेऊन घरी जाणारी लेकरं बहुतेक जनरल वॉर्डच्या बाजूची असतात. स्पेशल खोलीतल्या बाईभोवती डॉक्टरीणबाईंसकट चौघीजणी उभ्या राहायच्या. ऊसतोडीवरून, तांड्यावरून आलेल्या बाईपाशी एखादी सिस्टर पोर असायची आणि तीही दटावायला.

आत्याच्या पोटात काही राहत नाही. तिनं ते सरळ डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. डॉक्टरीणबाई उदगीरच्या व्यापारी घरातल्या, हुशार आणि तापट. त्या म्हणाल्या, "सिस्टर, त्या येतातच अडल्यावर. तपासणी नाही, कुणी रक्तातली साखर बघितलेली नाही, बाळ केवढं आहे ते ठाऊक नाही. मी काय जादू करू?"

"उशिरा आली म्हणून लेकराची मान ओढायची का?" आत्या म्हणाली.

दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण लई पेटलं. आठवडाभर त्या एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. मग एके दुपारी डॉक्टरीणबाई मेडिकलच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "तुझ्या आत्याला सांग, बाहुलं शिवून घे म्हणावं. सगळ्यांना सराव देऊ. मीही करते." बाहुलं मीच शिवलं. असं हे सोमवारचं बाळंतपण सुरू झालं.

आता आत्या नुसती पडून राहील, तर ती आत्या कसली. एका सोमवारी ती शेठजींची सून व्हायची, पुढच्या सोमवारी ऊसतोडीवरची बाई. खांदा अडकला की मान ओढायची नाही, बाईचे गुडघे पोटाकडं घ्यायचे, ओटीपोटावर तळव्यानं दाबायचं, हे सगळं पोरींना आलं. पण आत्या भलतंच धरून बसायची. टेबलावरूनच ती म्हणायची, "मागल्या सोमवारी मला 'ताई, घाबरू नका' म्हणलीस, आणि आज 'ए बाई, पाय धर' म्हणायलीस. आज पोटातलं लेकरू दुसरं हाय का?" डॉक्टरीणबाईंनाही ती सोडत नसे. शेवटी नियमच झाला: कुणीही येवो, आधी नाव विचारायचं.

एकदा खरीच वेळ आली. डॉक्टरीणबाई लातूरला गेलेल्या, आणि ट्रॅक्टरमधून उसाच्या फडातली एक पहिलटकरीण आली. बाळ मोठं, खांदा अडकलेला. आत्याला एका हातानं जोर लावता येत नाही. ती उशाशी उभी राहिली, बाईचा हात धरला आणि रेखाला, सगळ्यात लहान सिस्टरला, एवढंच म्हणाली, "सोमवार हाय असं समज." पोरींनी तसंच केलं. बाळ रडलं आणि दोन्ही हात झाडत रडलं. आत्या खाली मेडिकलवर आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "दोन्ही हलले." त्या दिवशी मला तिचा जो अभिमान वाटला, तो अजून ओसरलेला नाही. तेव्हापासून त्या दवाखान्यातून लुळ्या हाताचं लेकरू गेलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या बाजूची बाई आहे त्यावरून ते ठरेनासं झालं.

यंदा आत्या निवृत्त झाली. शाल-श्रीफळ आणलेलं, हार आणलेला. आत्या म्हणाली, "भाषणं नकोत. आज सोमवार हाय." ती चपला काढू लागली तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं. रेशमी साडीनिशी त्या स्वतःच टेबलावर चढल्या आणि उशी बांधून घेतली.

रेखा वाकून म्हणाली, "ताई, घाबरू नका. नाव काय तुमचं?"

"सुभद्राबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नायगावकडची हाय. पहिलंच लेकरू हाय बाई."

आजीचं नाव ऐकून आत्या भिंतीला टेकली. पोरींनी गुडघे वर घेतले, दाबलं, वाट पाहिली. कुणी ओढलं नाही. रेखानं बाहुलं अलगद काढून आत्याच्या हातात दिलं. आत्यानं त्याचा डावा हात चिमटीत धरला, हळूच डोक्यापर्यंत नेला, खाली आणला, पुन्हा नेला. तिचे डोळे भरून आले होते.

"जातोय वर," ती म्हणाली. "हाव, जातोय."