राजाबाईंनी सारवलेली पडवी

राजाबाई साळवे यांचा मला पहिलं वर्षभर मनस्वी राग यायचा. त्या देवीची लस टोचायच्या आणि मी, श्यामकांत प्रधान, नोंदवही घेऊन त्यांच्यामागे हिंडायचो. बाई ख्रिस्ती, नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. कोणी अंगावर ओरडलं तर "खरंय बाई तुमचं" म्हणायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. एका घराला अर्धा दिवस! माझं डोकं फिरायचं.

एक्कावन्न सालच्या चैत्रात बेलवलीला सगुणाबाईच्या चार वर्षांच्या नातवाला, जनूला, देवी आल्या. त्याची बहीण चिमी सहा महिन्यांची, त्याच खोलीत. तिला आज लस मिळाली तर आशा होती. उद्या उशीर झाला असता.

दाराला कडुलिंब बांधलेला. सगुणाबाई उंबऱ्यात आडवी बसलेली. "घरान माय आलेय," ती म्हणाली. "सुईचा लोखंड आत नाय यायचा. आन् तू किरिस्ताव. पोर बाटवशील."

"नाही येत आत," राजाबाई म्हणाल्या. चपला काढून त्या अंगणात, भर उन्हात बसल्या. "जनू पाणी पितो का?"

दुपार झाली. ताप, खाज, पाणी यांवरच दोघी बोलत होत्या, लसीचं नाव नाही. आत जनू कण्हत होता, चिमी रडत होती. मी हळूच म्हटलं, "सोडा आता, पोलीस आणू." बाई म्हणाल्या, "सोडायचं कशाला? बसलेय ना मी."

मग माझा तोल गेला. "पोर मरेल तुमच्या या गोडव्यानं!" असं ओरडून मी पेटीतली सुई उचलली आणि बुटांसकट पडवीवर चढलो.

आत किंकाळी उठली. मागचं दार धाडकन वाजलं. चिमीला घेऊन सून नदीकडे पळाली होती. शेजारचे गडी काठ्या घेऊन अंगणात आले. चिमीचा उरलेला दिवस मीच घालवला होता.

राजाबाईंनी माझ्या हातातली सुई घेतली, पेटीत ठेवली. काठ्या धरलेल्या माणसांसमोरून गोठ्यात गेल्या, शेण आणलं आणि माझे बूट उमटले होते तेवढी पडवी गुडघ्यांवर बसून सारवू लागल्या. पांढरं लुगडं बरबटलं.

"चूक आमची झाली, सगुणाबाई," त्या म्हणाल्या. "मारायचं तर मला मारा. पण पोरीला उन्हातून परत आणा. लस नको तर नको, सावलीत आणा."

सगुणाबाई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. बाईंनी पडवीचा एक कोपराही सोडला नाही. सारवून झालं तेव्हा म्हातारी म्हणाली, "सुनंला हाका मारा रं."

सून आली तेव्हा उन्हं कलली होती. सगुणाबाईने चिमीला कडेवर घेतलं, पडवी उतरली आणि पार कुंपणाशी जाऊन उभी राहिली. "हितं लोखंड चालतंय," म्हणत तिने आधी स्वतःचा दंड पुढे केला. मग चिमीचा.

परतताना मी विचारलं, "तुम्हाला राग येतच नाही का हो?"

"येतो की. आज तुमच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. त्या रागासाठीच रोज पहाटे प्रार्थनेला बसते."

आठव्या दिवशी आम्ही लस उठली का पाहायला गेलो. जनू आदल्या दिवशीच गेला होता. सगुणाबाईने चिमीचा दंड दाखवला. फोड टपोरे उठले होते, पोर वाचली होती. मग म्हातारीने राजाबाईंचा हात धरला.

"माज्या जनूच्या येळेला का गं नाय आलीस?"

गेल्या वर्षी राजाबाई आजारी असताना दुसऱ्या टोचणाऱ्याला घेऊन मी याच दारात आलो होतो. आतून सून "नको" म्हणाली. मी दोन शिव्या हासडल्या, वहीत 'नकार' लिहिलं आणि पाच मिनिटांत पुढचं घर गाठलं.

"चुकलंच माझं," राजाबाई म्हणाल्या आणि म्हातारीला जवळ घेतलं.

आणि मी तो दोष त्यांच्यावर जाऊ दिला.