शनिवारची किल्ली

बाजाराचा दिवस होता. चाकणच्या शाळेतल्या शिक्षिका कुसुमताई किल्ल्याच्या बुरुजाजवळचं संग्रहालय उघडून बसल्या होत्या. रानभाजीची पाटी उंबऱ्याबाहेर उतरवून एक ठाकरीण आत वाकून पाहत होती. जाती, नांगर, जुनी भांडी ओलांडून तिची नजर कोपऱ्यातल्या ढोलावर थांबली. शिवणीच्या एकाच खोडातून कोरलेला ढोल होता तो.

"काय पाहताय बाई?"

"आमच्या वाडीचा हाय त्यो. बरा हाय का, बघाय आले."

आजारी माणसाची चौकशी करावी, तसा तिचा सूर होता. तिचं नाव गवराबाई. भामनेरच्या खोऱ्यातल्या ठाकरवाडीची. वाडीतली तरणी पोरं पिंपरीच्या कारखान्याच्या बांधकामावर गेली, ढोल वाजवणारं कोणी उरलं नाही, म्हणून तिच्या बापानं तो इथे ठेवला होता.

ताईंनी तिला संग्रहालय चालवणाऱ्या मंडळाची सभासद व्हायला सुचवलं.

"वर्गणी न्हाई जमायची," ती म्हणाली. "पाळी द्या."

भैरोबाच्या पूजेची पाळी असते, पाटाच्या पाण्याची असते. तशी तिला दाराची पाळी हवी होती. ताईंना हसू आलं. पण बाजाराच्या दिवशी दारात बसायला कोणी मिळत नसे, म्हणून मंडळानं मानलं. शनिवारची किल्ली गवराबाईच्या कमरेला गेली.

पुढच्या वर्षी छप्पर गळायला लागलं. मंडळाचे अध्यक्ष मालोजीराव पाटील मनानं वाईट नव्हते, घाईचे होते. मुंबईच्या एका शेठला बंगल्यात मांडायला तो ढोल हवा होता. बदल्यात तो छपराला नवे पत्रे देणार होता. पाटलांनी कुणाला न विचारता शब्द दिला आणि एका शनिवारी शेठची मोटार थेट दारात आणली.

सकाळची शाळा सोडून ताई पोचल्या, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि गवराबाई कुलपाला पाठ लावून उभी होती. सारा बाजार भोवती जमला होता.

"उघड, गवरे. ढोल न्यायचाय."

"बापानं सांभाळाया दिला व्हता."

"दिला म्हंजे मंडळाचा झाला. उद्या पावसात भिंत बसली, तर तुझा ढोल काय पोहत वाडीला येणार हाय?"

शेठचा ड्रायव्हर फिदीफिदी हसला. पाटलांनी किल्लीसाठी हात पुढे केला. ताई गर्दीतून वाट काढत पुढे सरकल्या. आता ओढाओढ होणार, आणि या बाईच्या बाजूनं कोण उभं राहणार?

"पाटील, आज माझी पाळी हाय."

"कसली पाळी? सभासद हायेस तू, गुरव न्हाईस."

"तुमच्या पाळीला भैरोबाच्या गाभाऱ्यात दुसरं कुणी पाय ठिवतं का? घाला माझ्या पाळीत हात. मंग तुमच्या पाळीत कुणी घातला, तर बोलू नका."

त्याच पूजेच्या पाळीवरून पाटील आणि त्यांचा चुलतभाऊ आबाजी गेल्या जत्रेत कुऱ्हाडीवर आले होते. आबाजी समोरच उभा होता.

"घाल की हात, मालोजी," तो मिशीत हसत म्हणाला. "आमी बघतोय."

पाटलांचा हात हळूच मागे आला.

"बरं. उद्याची पाळी दत्तोबाची. उद्या नेतो."

दत्तोबा पाटलांच्या शब्दाबाहेर नव्हता. मोटार गेली, तशा ताई गवराबाईजवळ आल्या.

"आता गं?"

"बाई, सभासद किती बी होत्यात ना?"

"येतील तितके."

"मंग वाडीला जाते." पाटी तशीच उचलून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी मोटार यायच्या आत ठाकरवाडी आली. बायांच्या डोक्यावर गवताचे भारे, गड्यांच्या खांद्यावर बांबू. कुणी विचारायच्या आधीच माणसं छपरावर चढली. वर्गणीच्या जागी ताईंनी हे कामच धरलं आणि एकेकाचं नाव सभासदांत घालत गेल्या.

शेठच्या मोटारीतून पाटील उतरले. बराच वेळ मान वर करून छपराकडे पाहत राहिले. पत्र्यांची गरजच उरली नव्हती.

"पाटील, ढोल?" शेठनं मोटारीतून विचारलं.

"वाडीचा हाय त्यो," पाटील म्हणाले. मग दत्तोबाकडे वळून, "बघत काय राहिलास? वरच्यांना चहा सांग."

ढोल अजून त्याच कोपऱ्यात आहे, आणि छपराचं गवत दरसाल वाडीच बदलते. गवराबाई हल्ली बाजारात बसत नाही. शनिवारी ती भाजीची पाटी संग्रहालयाच्या पायरीवरच मांडते.