आईची ज्योत्स्ना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. तुमच्याजवळ का बोलतेय, तेही नीट सांगता येणार नाही. ज्या व्यक्तीला सांगायला हवं होतं ती पलीकडच्या खोलीत आहे — आणि तिथवर जाणं मला जमत नाही.

मी नाशिकमध्ये एका छोट्या कंपनीत नावं जुळवण्याचं काम करते. एकाच बाईचं नाव एका ठिकाणी एका स्पेलिंगने असतं, दुसरीकडे घाईत भलतंच टाइप झालेलं असतं. कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटतात. आमचा प्रोग्राम अक्षरं आणि उच्चार ताडून बघतो आणि दोन नावं किती जवळची आहेत त्याचे गुण देतो. पण किती गुणांच्या वरची नावं दाखवायची, ती रेषा माणसाने आखायची असते. ती मी आखते.

एका रविवारी दुपारी आईने विचारलं, “तुझं ते मशीन माझी ज्योत्स्ना शोधेल का गं?”

ज्योत्स्ना तिची मैत्रीण. आई सायखेड्याहून डी.एड. करायला नाशिकला आली तेव्हा हॉस्टेलमध्ये दोघी एका खोलीत राहायच्या. मग लग्नं झाली, आडनावं बदलली, पत्ता हरवला. त्या हॉस्टेलच्या जुन्या मुलींनी वेबसाइटवर आपापली माहिती भरली होती, जमेल त्या स्पेलिंगमध्ये. मी ती सगळी नावं प्रोग्रामला दिली आणि आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

तुम्हाला एक सांगायला हवं. मला इंग्रजी शाळेत घातल्यापासून आई घरात जपून बोलायची. माझी भाषा बिघडू नये म्हणून स्वतःची बोली तिने गावी ठेवून दिली होती. माझ्याशी ती पालकसभेला आल्यासारखी बोलायची. मीही मुळात कमी बोलते. मग आमच्यात उरायचं काय?

पण त्या दुपारी — स्क्रीनवर एका बाईचा फोटो आला आणि आई म्हणाली, “ही? हट्! नाक बघ हिचं, भजं नुसतं. माझी ज्योत्स्ना लय देखणी होती!” मग दोघींनी रेक्टरबाईंच्या मिटलेल्या छत्रीत चिंचोके कसे भरून ठेवले ते तिने सांगितलं. “बाईंनी छत्री उघडली अन् धाडधाड डोक्यावर! आम्ही अशा उभ्या, जसं काय आम्हाला काय ठावंच नाय!” हसता हसता तिने माझ्या पाठीत जोरात थाप मारली. ही बाई कोण होती? इतकी वर्षं कुठे होती?

त्या दुपारी ज्योत्स्ना सापडली नाही. मधल्या आठवड्यात मी एकटीने रेषा जरा खाली आणून पाहिली — आणि ती आली. नावाचं स्पेलिंग फारच निराळं, म्हणून गुण कमी पडले होते. कॉलेज, वर्ष, खोली, सगळं जुळत होतं. मनमाडला राहते. खाली फोन नंबर.

आईला हाक मारायची, एवढंच तर होतं. ती स्वयंपाकघरातच होती.

मी रेषा पुन्हा वर नेली.

पुढचे कितीतरी रविवार आई येत राहिली, ताटलीत निफाडची द्राक्षं घेऊन. मी तिला अशा बायका दाखवत राहिले ज्या ज्योत्स्ना नाहीत हे मला ठाऊक होतं. ती प्रत्येक फोटोकडे वाकून बघायची, आधी आशेने, मग चेष्टेने. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा. ज्योत्स्नाला मिळालेली आई मला हवी होती. थोडी. रविवारपुरती.

द्राक्षांचा मोसम संपत आला त्या सुमारास एकदा ती खुर्चीवर बसलीच नाही. “ऱ्हाऊ दे आता,” म्हणाली. “मीच येडी. तिला माझी सय असती तर तिने नसतं का मला शोधलं?”

शोधलं होतं. ज्योत्स्नाच्या माहितीत, ‘कुणाला भेटायला आवडेल’ याच्यापुढे, आईचं माहेरचं नाव होतं आणि पुढे दोनच शब्द — खूप हसायची.

ते मी ती सापडली त्याच दिवशी वाचलं होतं. तरी आईकडे न बघता मी म्हणाले, “हो गं, विसरली असेल.”

आई “असेल” म्हणाली आणि ताटली उचलून आत गेली.

आता ती माझ्याशी पुन्हा जपून बोलते. ज्योत्स्नाचं नाव काढत नाही. मनमाडला जायला इथून गाडीने दोन तासही लागत नाहीत. तो नंबर मला पाठ आहे.