सावलीत दिसणारा रोग

"सर, जरा सावली धरा."

बियाण्याच्या बटाट्यातली रोगट झाडं मजुरीनं हुडकून देणारे आप्पा भर उन्हात असं म्हणाले की मी छत्री उघडायची आणि बटाट्याच्या झाडावर धरायची. आप्पा आणि मी उन्हातच. काकतीच्या आमच्या शेताजवळून जाणारे हसायचे. "सरांचा बटाटा काळा पडतोय व्हय रं?" टिळकवाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाची एवढी चेष्टा व्हायचीच.

पण तुम्हीही एकदा बघायला हवं होतं. उन्हात हिरवंगार वाटणारं पान सावलीत आलं की त्यावर फिकट पिवळे ठिपके दिसू लागायचे. मोझॅक रोग. "घावला," आप्पा हळूच म्हणायचे.

पान वळण्याचा रोग ते कानानं ओळखत. खालची गुंडाळलेली पानं नुसती हलवायची. निरोगी पान गप्प, रोगट पान कागदासारखं खरखरायचं. मी थक्क होऊन बघत राहायचो.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "औषध कुठलं मारू?"

"औषधानं रोग पसरवणारा मावा मरंल. ह्या झाडाला औषध न्हाय, सर. बटाट्यासकट उपटायचं. एक ऱ्हायलं तर फुडच्या साली बियातनं समदीकडं."

उपटलेलं झाड पिशवीत, हात साबणानं धुवायचे, मगच पुढची सरी. डॉक्टरही एवढे हात धूत नसतील. आमच्या भागात आम्ही पाच जण घरचं बियाणं ठेवायचो, ते आप्पांच्या नजरेवर.

एका हंगामात आप्पा बघून पुढे गेले त्या झाडावर मला ठिपके दिसले. माझंच चुकत असेल असं वाटलं, तरी बोललो. ते मागे आले. पान अगदी नाकापाशी नेऊन बघितलं.

"मला काय दिसंना, सर." ते बांधावर बसले. "ह्या वावराचं बी ठेवू नका. मी किती रोगट झाडं सोडली, मलाच ठाव न्हाय."

"आप्पा, कुणाला सांगू नका. आपण दोघं परत बघू." त्यांचं पोट त्या डोळ्यांवरच होतं.

"सांगाय नको व्हय? माझ्या शब्दावर बी ठेवत्यात ती माणसं."

त्याच दुपारी उरलेल्या चारही शेतांत ते चालत गेले आणि स्वतःच्या तोंडानं हेच सांगून आले. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर आप्पा कुणाच्याच शेतात उतरले नाहीत. पुढच्या लागवडीआधी ते गेले.

त्या हंगामाचं बी न ठेवता आम्ही पाचही जणांनी सगळा बटाटा खायला म्हणून विकला. रोग खरंच राहिलाय का, हे कुणी तपासून बघितलं नाही. आप्पा म्हणाले होते ना.