टीचरच्या हाती लाटणं

परदेशातली मुलगी आपल्याकडे राहायला येणार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी पहिलं काम काय केलं, तर मोरीला नव्या टाइल्स बसवल्या. त्या मोरीसाठी मी वर्षानुवर्षं डोकं फोडत होते, तेव्हा "बघू, बघू" चाललं होतं. आयर्लंडहून कोणी येतंय म्हटल्यावर आठवड्यात मोरी चकाचक.

परळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. मुलगा डोंबिवलीला राहायला गेल्यापासून त्यातली एक रिकामीच होती. चाळीतल्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवायला एक संस्था परदेशातून एक स्वयंसेविका आणणार होती आणि तिच्यासाठी घर शोधत होती. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेली, कामापुरतं इंग्रजी येणारी, तेव्हा माळ माझ्याच गळ्यात पडली.

मुलगी चोवीसेक वर्षांची आणि एवढी उंच, की आमच्या दारातून वाकून आत यायची. पहिल्या दिवशी न सांगता चपला बाहेर काढून आली, तेव्हाच मला आवडली.

मग आम्ही तिला तळहाताच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. ती जेवायला बसली की आम्ही दोघं वाढपी होऊन समोर उभे. ताट उचलायला गेली की मी ते ओढून घ्यायची. गॅलरीतून ती निघाली की बायका बादल्या बाजूला सारायच्या आणि प्रत्येक दारातून "टीचर, चहा" सुरू व्हायचं. एकदा तिने स्वतःचे कपडे स्वतः वाळत घातले, तर समोरच्या बाईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय हो, पाहुणीकडून कामं करून घेता?" पाहुण्याला काम सांगायचं नाही आणि त्याची चूक काढायची नाही, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने सोलकढी पोळीवर ओतून घेतली तेव्हासुद्धा सगळ्यांनी "वा, छान" म्हटलं.

वर्ग संध्याकाळी मंडळाच्या खोलीत भरायचा. बायका पावडर लावून, ठेवणीतली साडी नेसून वेळेवर हजर. आणि गप्प. आमच्या शाळेत बाई बोलायच्या आणि आम्ही ऐकायचो. मध्ये तोंड उघडलं तर छडी. पन्नाशी-साठीच्या या बायका अजून त्या छडीच्या धाकात होत्या. तिने विचारलं, आज सकाळी काय केलंत? सगळ्या एका सुरात, "येस टीचर." समजलं का? "येस टीचर." कोणाला काही विचारायचंय? "येस टीचर," आणि पुढे शांतता. वर्ग संपला की मात्र तिच्या हातात कोणाचा तरी डबा ठरलेला.

महिना होत आला आणि एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल. म्हणाली, "काकू, तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगलं वागता. पण माझी इथे कोणाला गरज नाही. वर्गात कोणी एक शब्द बोलत नाही. आई दर फोनवर म्हणते, परत ये. शनिवारी तिचा फोन येईल, तेव्हा तिला तिकीट काढायला सांगते."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. तिचा नाही. एवढं करूनसवरून पोरगी रडतेय, याचा. आणि खरं सांगायचं तर मला तिची सवय झाली होती. सकाळी आतून "गुड मॉर्निंग काकू" ऐकू आलं की त्या खोलीत पुन्हा कोणीतरी राहतंय असं वाटायचं. ती जायला नको होती मला. पण तिची आई बोलावत असताना राहा म्हणणारी मी कोण? मी तिला चहा करून दिला. दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात आमचे पापड होते. उडदाचे पापड आता कोणत्याही दुकानात मिळतात, पण आमच्या मजल्यावर विकतचा पापड ताटात दिसला तर बाई आजारी आहे का, अशी चौकशी होते. उन्हाळ्यात प्रत्येकीचा एक दिवस ठरतो. त्या दिवशी बाकीच्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिच्या घरी जमतात. मोबदला म्हणजे चहा, आणि पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या. पीठ सुकतं म्हणून पंखा बंद. अर्थात पाहुणीला आम्ही आतल्या खोलीत पंख्याखाली बसवून दार लोटून घेतलं होतं.

थोड्या वेळाने दार उघडून तीच बाहेर आली आणि म्हणाली, मीही बसू का? सगळ्या एकदम, "नो टीचर. हॉट टीचर. सिट फॅन."

कोपऱ्यातल्या खोलीतली मावशी तेवढी काही बोलली नाही. सत्तरीची, मालवणकडची. वर्गात सगळ्यात पुढे बसणारी आणि सगळ्यात गप्प. ती सरकली, शेजारी जागा केली, एक लाटी पोळपाटावर ठेवली आणि आपलं लाटणं मुलीच्या हातात दिलं. "बस गो. लाट."

पहिला पापड गोल सोडून बाकी सगळ्या आकारांचा झाला. कडा जाड आणि मध्ये भोक. सवयीने कोणीतरी "व्हेरी नाइस टीचर" म्हटलंसुद्धा. पण डोळ्यांदेखत पापड बिघडत असताना पाहुणचार किती वेळ टिकणार. मावशीने तो पापड उचलला, उजेडाकडे धरला, भोकातून टीचरकडे बघितलं आणि म्हणाली, "नो गुड. हँड टाइट. व्हाय टाइट? पापड नॉट रनिंग."

मुलगी आधी चपापली, मग खो खो हसली आणि दुसरी लाटी घेतली.

झालं. चारी बाजूंनी सुरू झालं. "सेंटर नो, साइड प्रेस." "टर्न, टर्न, लिटल टर्न." समोरची बाई, जिने मला पाहुणीच्या कपड्यांवरून सुनावलं होतं, ती म्हणाली, "माय सूनबाई फर्स्ट इयर सेम टु सेम. नाउ एक्स्पर्ट. यू डोंट क्राय." मुलीने विचारलं, किती पातळ? मावशीने आपला पापड तळहातावर पसरला आणि बोटाने हातावरची रेघ दाखवली. "धिस लाइन, यू सी? देन ओके. नो सी, नॉट ओके."

वर्गात त्या विद्यार्थिनी होत्या, म्हणून गप्प. पोळपाटापुढे त्या मास्तरणी होत्या, आणि समोर शिष्या चुकत असताना कोणती मास्तरीण गप्प बसेल? चुकीचं तर चुकीचं, इंग्रजी नुसतं धो धो. मुलीच्या नाकाला पीठ, कपाळावर घाम, दर मिनिटाला कोणीतरी डाफरतंय आणि ती खुशीत. दुपार कलता कलता मावशीने तिला टीचर म्हणायचं सोडलं. "चेडवा, तेल लाव मगे लाट," असं सुरू झालं. मालवणी घरात पोरीला हाक मारतात तशी.

दुसऱ्या दिवशीपासून मंडळाच्या खोलीला कुलूप. ज्या घरी पापड, त्या घरी वर्ग. ती लाटण्यात चुकली की बायका सांगायच्या, बायका बोलण्यात चुकल्या की ती सांगायची. माझीही भीड चेपली. जेवून उठल्यावर मी तिला ताट घासायला लावलं आणि ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून चांगली झापली.

पण ती राहणार की जाणार, हे काही बोलली नव्हती. विचारायची माझी हिंमत नव्हती. शनिवारी तिच्या आईचा व्हिडिओवरचा फोन आला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. निवडत कसली, एकच जुडी खालीवर करत होते.

आईने विचारलं, "तिकीट काढू ना?"

"नको," मुलगी म्हणाली.

"अगं, पण तिथे सगळे नीट वागतात ना तुझ्याशी?"

"नाही," ती म्हणाली, आणि काय अभिमानाने म्हणाली. "सगळ्या मला ओरडतात. पापडावरून ओरडतात, टॉवेलवरून ओरडतात. काकू तर सकाळपासून ओरडतात."

आईचा चेहरा पडला. मुलीने हसत फोन माझ्याकडे वळवला. आईने मला विचारलं, "हे खरं आहे?"

इतकी वर्षं कंपनीत इंग्रजीत पत्रं लिहिली, पण त्या बाईला समजावून सांगायला मला एक वाक्य सापडेना. "रोज," एवढंच मी म्हटलं.

तिची आई म्हणाली, "इथे ते काम माझं होतं." तिने डोळे पुसले. "आता तुम्ही करा."

मला भरून आलं. तेव्हा मी मुलीवरच खेकसले, की फोन सरळ धर, आईचं अर्धंच तोंड दिसतंय.