ओळखीची खूण

रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की पास्कल धोडी मोटारसायकल काढायचा आणि तलासरीजवळच्या त्या पाड्यावर हशा पिकायचा. "निघाली जोडी समुद्र बघायला," असं नवशी कुंपणापलीकडून ओरडायची. नवशी ही शेजारीण, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. पन्नाशीला टेकलेला नवरा, मागे डोक्याला घट्ट रुमाल बांधून एका अंगाला बसलेली बायको आणि दोघांच्या मध्ये रेक्झिनची पिशवी. पिशवीत पत्रकं आणि खळीचा डबा आहे, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. हरवलेल्या पोराला शोधायला ती दोघं जातात, हेही ठाऊक होतं. पण एकच दुःख चार वर्षं दर रविवारी दारावरून जायला लागलं की लोकांना त्याचीही चेष्टा सुचते. माणसं काही वाईट नसतात, कंटाळलेली असतात.

मागे बसणारी ती सेसिलिया. जन्माचं नाव सुकी. आठव्या वर्षी सिस्टरांच्या बोर्डिंगात गेली, तिथं बाप्तिस्मा झाला, नवं नाव मिळालं, शिवणकाम आलं. लग्न झालं ते कॅटेकिस्टशी. फादर नसतील तेव्हा पाड्यापाड्यांवर प्रार्थना घ्यायची, पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, हे पास्कलचं काम. बदली होऊन गेलेल्या एका फादरांनी जाताना आपली जुनी मोटारसायकल त्याला दिली होती, म्हणून ती घरात. माणूस सरळ होता. इतका सरळ, की वाकायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. घरात भगताचा धागा नाही, जत्रा नाही, कोंबडं कापणं नाही. "आपल्याकडं लोक बघत असतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक खरोखर किती बघत होते देव जाणे, पण त्या लोकांच्या धाकात तिचा सगळा संसार झाला.

त्यांना एकच मुलगा, डॉमनिक. २०१४ च्या चैत्रात तो मित्रांबरोबर महालक्ष्मीच्या जत्रेला गेला. बातमी घरी त्याच्या आधी पोचली. पास्कलनं वीस वर्षांच्या पोराला अंगणात, चारचौघांसमोर थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी येऊन पोरानं आईसमोर डावी बाही वर केली. मनगटाच्या वर हिरवा त्रिशूळ गोंदलेला होता आणि भोवतीची कातडी अजून सुजलेली होती.

"सगळ्यांनी काढला, मंग मीपण काढला," तो म्हणाला. "बाबाला नको सांगू."

"नाय सांगत," ती म्हणाली, आणि सुजेवर खोबरेल लावलं.

त्यानंतर ऐन वैशाखात पोरगा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून फिरायला लागला. बाप खूश. पोराला टापटीप आली म्हणाला! सेसिलियाला तेव्हा हसू आवरेना, पदर तोंडात धरून ती परसात गेली होती.

नारळी पौर्णिमा झाल्यावर त्या भागातली बरीच पोरं जातात तसा डॉमनिक गुजरातेतल्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. जाताना बापाशी बोलला नाही, बापही बोलला नाही. नोव्हेंबरात बोटमालकाचा फोन आला. "तुमचा छोकरा डहाणूच्या बाजूला बोट सोडून उतरून गेला. अमारी जिम्मेदारी नाही." पास्कलनं त्यातला एकच शब्द धरला. उतरला. उतरला म्हणजे पायावर उतरला, पायावर उतरला म्हणजे जिवंत आहे, रागावून कुठल्यातरी बंदरावर काम करतोय.

दोघं पोलीस चौकीत गेली. हवालदार फॉर्म भरत होता. "अंगावर ओळखीची खूण?"

"उजव्या भुवईवर टाक्याचा व्रण," पास्कल म्हणाला. त्याला एवढंच माहीत होतं.

हवालदारानं एक वही चाळली. "पंधरा दिवसांपूर्वी वाढवणच्या खडकात एक बेवारस प्रेत लागलंय. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. वय वीसच्या आसपास. डाव्या हातावर त्रिशूळ."

"त्रिशूळ?" पास्कल जवळजवळ हसलाच. "साहेब, आम्ही ख्रिस्ती. तो आमचा नव्हे."

हवालदारानं वही मिटली.

सेसिलिया शेजारीच उभी होती. तलासरी-डहाणूच्या निम्म्या पोरांच्या हातावर त्रिशूळ असतील, तिनं मनाला सांगितलं. आणि आपण आत्ता तोंड उघडलं, आणि उद्या पोरगा धडधाकट दारात आला, तर? बापलेकांत पुन्हा आग लागेल, ती आपल्या हातानं लावलेली. आईनं दिलेला शब्दही मोडलेला. शिवाय नवऱ्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा सुटका दिसत होती. तिनं ब्र काढला नाही. त्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड झालं, आणि महिना उलटल्यावर ती गोष्ट सांगण्यासारखी राहिलीच नाही.

मग रविवार सुरू झाले. झाई, बोर्डी, चिखले, नरपड, आगर, डहाणू. बर्फाच्या कारखान्याची भिंत, चहाची टपरी, जाळी विणणाऱ्यांची शेड, जिथं जागा मिळेल तिथं पत्रक चिकटवायचं. पत्रकावर दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चमधल्या संस्काराच्या वेळचा फोटो, पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस. खाली पास्कलच्या वळणदार अक्षरात नाव, वय, ओळखीची खूण. पास्कल सगळीकडे एकच विचारायचा, "हा पोरगा कामाला आहे का इथं?" मेलेल्याची चौकशी त्यानं कधी केली नाही, म्हणून मेलेल्याबद्दल त्याला कुणी सांगितलं नाही.

डहाणूच्या पुढे वरोर आलं की सेसिलियाला चक्कर यायची. "माघारी वळू," ती म्हणायची. पास्कल निमूट गाडी वळवायचा, वाटेत तिला शहाळं घेऊन द्यायचा. वरोरच्या पुढे वाढवण आहे, एवढंच तिचं दुखणं होतं.

खरी लाजिरवाणी गोष्ट आणखी वेगळीच होती, आणि ती तिनं कन्फेशनमध्येही सांगितली नाही. हे रविवार तिला आवडायला लागले होते. लग्नाच्या पंचवीस वर्षांत ज्या माणसानं तिला डहाणूचा किनारा दाखवला नव्हता, तो आता बोर्डीच्या सुरूंच्या सावलीत बसून तिच्या हातावर अर्धा वडापाव ठेवायचा. गाडी चालवताना मान मागे करून बोलायचा. लहानपणच्या उपासाच्या गोष्टी, बापाचा मार, सगळं. "त्याला मारायला नको होतं मी," असं त्यानं एकदा चिखल्याच्या वळणावर म्हटलं, आणि तिनं त्याच्या पाठीला कपाळ टेकलं. त्या क्षणी सांगता आलं असतं. पण सांगितलं की हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा मुका होईल, ही भीती तिला वाटली. पोराच्या मरणावर आपण नवऱ्याचे दोन गोड शब्द मिळवतो आहोत, हे तिला कळत होतं, आणि ती तरीही दर रविवारी रुमाल बांधत होती.

दर दोन नोव्हेंबरला सगळी ख्रिस्ती घरं आपापल्या कबरी साफ करून मेणबत्त्या लावत. पास्कल तिला मेणबत्ती घेऊ देत नसे. "जित्या पोराला मेणबत्ती लावतात का?"

२०१८ च्या त्याच महिन्यात जमीन हादरायला लागली. भिंतींना तडे गेले, माणसं ताडपत्री बांधून अंगणात निजायला लागली. पास्कलनं पडक्या भिंतीला टेकू दिला, कारण पोरगा आला तर घर ओळखू आलं पाहिजे. आणि रविवारी गाडी काढलीच.

जानेवारीत वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात सभा होती. किनारपट्टीची सगळी गावं येणार होती. इतकी माणसं एका जागी! पास्कलनं पन्नास पत्रकं काढली. वरोरला सेसिलिया म्हणाली, "चक्कर येते." तो म्हणाला, "आज सोस." आणि गाडी वळली नाही.

गावात शिरता शिरता चेन तुटली. तिला एका बाईपाशी बसवून तो चेन बसवायला गाडी ढकलत चिंचणीच्या दिशेनं गेला. भिकी तिचं नाव. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, ती ते उलटेपालटे करत होती.

"कोनाला शोधता, बाय?"

सेसिलियानं पत्रक पुढे केलं. भिकीनं ते लांब धरून पाहिलं आणि मान हलवली. "ह्यो नाय बघितला. भायेरचा पोऱ्या मला एकच म्हायती. पन तो मेलेला आलता. खडकात. चार वर्सं झाली."

चार वर्षं जे विचारलं नाही ते सेसिलियानं विचारलं. "हातावर काही होतं?"

"तिरसूल व्हता. त्योच बघून आमच्या मानसांनी ठरवलं, आपल्यातला हाय. पोलिसांनी वाट बघितली, कोन नाय आला. मंग आमीच लाकडं दिली." भिकीचे हात थांबले. "डोक्याला गुलाबी मफलर बांधलेली गं, तशीच जळली."

ती मफलर डॉमनिक बोटीवर निघाला तेव्हा सेसिलियानं शिवणाच्या उरलेल्या कापडातून करून दिली होती. निम्म्या पोरांच्या हातावर त्रिशूळ असतात, हा आधारही आता उरला नाही.

भिकीनं तिला चितेची जागा दाखवली. दाखवण्यासारखं काही नव्हतं. ओली वाळू, शेवाळलेले दगड. भरतीचं पाणी अलीकडे तिथवर येत होतं.

पास्कल चेन बसवून आला तेव्हा ती तिथंच उभी होती. तिनं सगळं सांगितलं. जत्रा, बाही, खोबरेल, चौकी, वरोरला येणारी चक्कर. मफलर शेवटी सांगितली. तो ऐकत होता, आणि हातातलं ग्रीस पँटला पुसत होता, पुसून झाल्यावरही पुसत होता.

"चौकीत तू शेजारी होतीस," तो म्हणाला.

"होते."

"मला का नाय सांगितलंस?"

"त्यानं शब्द घेतलेला. तू मारला असतास त्याला."

पास्कलनं पाण्याकडे तोंड फिरवलं. "मारला असता," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्यानं एकदाही मान मागे केली नाही. डहाणूला गाडी थांबवून त्यानं बर्फ कारखान्याच्या भिंतीवरचं पत्रक नखांनी खरवडून काढलं. आगरला काढलं, नरपडला काढलं. ती खाली उतरून मदत करायला गेली तर त्यानं हातानं तिला मागे सारलं. बोर्डीच्या टपरीवरचं काढताना टपरीवाल्यानं आनंदानं विचारलं, "मिळाला का पोरगा?" पास्कलनं मान डोलावली.

झाईला, जाळ्यांच्या शेडवर, शेवटचं पत्रक होतं. ते त्यानं काढलं नाही. खिशातलं पेन काढलं, भुवईचा व्रण लिहिला होता त्याच्याखाली जागा होती तिथं, धर्मशिक्षणाच्या फळ्यावर लिहायचा तशा वळणदार अक्षरात सावकाश लिहिलं: डाव्या हातावर त्रिशूळ. पेनाला टोपण लावलं आणि तिच्याकडे न बघता गाडीला किक मारली.